कमरेएवढ्या गवतात मेंढ्या चरत नाहीत

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत मुरबाडच्या जागेवर गवत कमरेला लागतंय असं म्हटलं की लगेच उत्तर येतं, "मग काय, मेंढ्यांची चंगळच!" प्रत्यक्षात मेंढी त्यात शिरतच नाही. कडेकडेने कोवळं टिपते, बाकीचं तुडवते आणि संध्याकाळी खपाटीला गेलेलं पोट घेऊन परत येते.

जागा सासऱ्यांची, दोनेक एकर, मुरमाड उतार. ते गेल्यापासून तिकडे ना गुरं गेली ना विळा. खाली वाळलेल्या गवताचा थर, त्यातून नवं गवत, मध्ये टाकळा आणि रानमोडीचं तण, बांधाला घाणेरीची (टणटणीची) झुडपं. दिवाळीनंतर माळशेज उतरून येणाऱ्या धनगरांपैकी एका बाबांकडून, ते उन्हाळ्यात परत घाट चढायच्या आधी, मी थोड्या दख्खनी मेंढ्या घेतल्या. जागा पाहून ते म्हणाले, "ताई, मेंढराला म्होरलं दिसाया पायजे. आधी गवत खाली आणा."

गावाचं मत होतं, दसऱ्यानंतर कापा आणि गवताच्या वखारीला विका. पेंढ्यांसाठी तो हिशोब बरोबर आहे, चराईसाठी नाही. पाऊस सरला की मुरमात ओल राहत नाही आणि कापलेलं पुन्हा फुटत नाही. शिवाय तोवर कुसळी गवताला कुसळं धरतात. ती लोकरीत अडकतात, पीळ घेत कातडीत शिरतात, तोंडाला आणि डोळ्याला इजा करतात. म्हणून गणपतीच्या आधी उघडीप बघून कापणी काढली, आणि लोकरही त्याच सुमारास कातरून घेतली.

ब्रश कटर भाड्याने आणला होता, पण जुन्या वाळक्या थरात त्याची दोरी गुंडाळून बसायची. शेवटी पाड्यावरच्या बायकांनी विळ्याने पहिला हात मारला. फुरशाच्या, म्हणजे त्या छोट्या विषारी सापाच्या भीतीने पुढे एक जण काठी आपटत चालायची. ते शहाणपण शहरातून आलेल्या माणसाला आधी सुचत नाही. थर उचलला तेव्हा खाली पिवळट, ऊन न लागलेले बुडखे आणि कुबट वास. कापलेलं जागेवर पडू दिलं तर कोंब गुदमरतात, त्यामुळे सगळं ओढून बांधाला लावलं. काही शेजाऱ्यांनी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, नेलं.

टाकळा शेंगा धरायच्या आत उपटला. पावसाच्या सुरुवातीला याच टाकळ्याच्या जुड्या ठाण्याच्या मंडईत आपण पैसे देऊन घेतो, ही गंमत आहेच. घाणेरीचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. भुकेलेलं जनावर तिचा पाला खातं, यकृत बिघडतं, मग ऊन सोसत नाही आणि नाक-कान सोलवटतात. नुसती छाटली तर दुप्पट फुटते, मुळासकट काढावी लागते.

कापल्यावर आधी शेजारच्या काकांच्या गाई सोडल्या. गाय जिभेने वेढा घालून उंच, भरड गवत ओढते. मेंढीचे बहुतेक जंत गाईच्या पोटात तग धरत नाहीत, हा आणखी एक फायदा. मग मेंढ्या, आणि त्याही वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून एकेका तुकड्यात. पावसाळी हवेत लेंडीतल्या अंड्यांपासून जंतांच्या अळ्या तयार व्हायला साधारण चार-पाच दिवस पुरतात, आणि त्या बहुतेक गवताच्या खालच्या 5 सेंटिमीटरात राहतात. त्यामुळे त्याआधीच तुकडा बदलायचा आणि गवत चार बोटं उरलं की मेंढ्या हलवायच्या, हा माझा नियम. काका म्हणतात एवढी मोजमापं कशाला. पण गुरांच्या डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मी डोळ्याची खालची पापणी उलटून बघते. आतून लालसर असेल तर ठीक. पांढुरकी असेल तर रक्त पिणारे जंत असण्याची शक्यता. त्या मेंढीला डॉक्टरांना विचारून औषध, सगळ्या कळपाला सरसकट नाही. सरसकट दिल्याने पुढे औषधच लागू पडेनासं होतं.

मोकळ्या झालेल्या तुकड्यांत मारवेल हे चाऱ्याचं चांगलं गवत वर आलंय. त्याआधी ते तिथे होतं हेच कळत नव्हतं. वरच्या बांधाकडचा तुकडा यंदा तसाच सोडलाय, कारण पाऊस गेल्यावर त्या मुरमात पहार चालत नाही. तिथली घाणेरी पुढच्या पावसात माती भिजली की खणायची, आणि तोवर मेंढ्या त्या बाजूला न्यायच्या नाहीत.