पगार थांबला, पोटगी नाही

मार्चमध्ये हिंजवडीतली नोकरी गेली. लेकीची पोटगी महिना १८,०००, ती मात्र ठरलेलीच. "नोकरीच नाही तर कसली पोटगी?" असं मित्र म्हणाला. असले सल्ले चहाबरोबर फुकट मिळतात. कोर्टाचा आदेश बदलेपर्यंत जुनीच रक्कम चढत राहते आणि थकली तर वसुलीचं वॉरंटही निघू शकतं.

म्हणून शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात रक्कम कमी करण्याचा अर्ज टाकला. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४६. सोबत मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून ते लागतंच. पीएफ, एफडी, गाडीचा हप्ता, सगळं त्यात मांडायचं. "नोटीस पे, म्हणजे नोटीस काळाचा मिळालेला पगार, लपवू नका, समोरचे बँक स्टेटमेंट मागतील," वकीलबाईंनी बजावलं. नोकरीसाठी केलेल्या अर्जांचे ईमेलही जोडायला लावले. कोर्ट नुसता रिकामा खिसा बघत नाही, कमावण्याची कुवतही बघतं. (हे मला पटतं.)

लेकीच्या आईला आधीच फोन केला होता. "शाळेची फी चुकवू नकोस, बाकीचं बघू," म्हणाली. सध्या ८,००० यूपीआयने पाठवतो, शेऱ्यात महिना लिहून. उरलेले अंगावर आहेतच. पुढची तारीख जूनमध्ये.