कपाळावरचा खडू

आठवीत एखादे शिक्षक रजेवर असले की आमच्या वर्गावर गणिताचे सर यायचे आणि पुस्तक न उघडता कोडी घालायचे. त्यांतलं एक कोडं पुढे माझ्या अभ्यासाचा विषयच झालं.

सरांनी आम्हा तिघींना पुढे बोलावलं, डोळे मिटायला लावले आणि तिघींच्याही कपाळावर खडूने टिळा ओढला. डोळे उघडले तर मला बाकी दोघींचे टिळे दिसत होते, माझा नाही. बोलायला बंदी. सर म्हणाले, "तुमच्यापैकी निदान एकीला टिळा आहे. स्वतःबद्दल खात्री असेल तिने हात वर करा." कुणीच केला नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. मग सरांनी फळ्यावर मांडलं: माझं कपाळ कोरं असतं, तर या दोघींना एकमेकींचा एकेकच टिळा दिसला असता आणि पहिल्या वेळी कुणाचाच हात वर न गेल्यामुळे दुसऱ्या वेळी दोघींनी हात वर केले असते. त्यांनी ते केले नाहीत, म्हणजे मलाही टिळा आहे! तिसऱ्या प्रश्नाला तिघींचे हात एकदम वर जायला हवेत.

मला मात्र वेगळंच खटकत होतं. प्रत्येकीला दोन टिळे डोळ्यांसमोर दिसत असताना, "निदान एकीला आहे" हे सांगून सरांनी नवीन काय सांगितलं? आणि ते वाक्य गाळलं तर कितीही वेळा विचारा, हात वर जातच नाही.

याचं उत्तर मला कॉलेजात मिळालं. निदान एकीला टिळा आहे हे प्रत्येकीला माहीत होतं. इतरांना ते माहीत आहे, हेही माहीत होतं. पण त्याच्या वरची पायरी नव्हती. सर सगळ्यांदेखत बोलले आणि "तिला माहीत आहे की मला माहीत आहे की तिला माहीत आहे..." ही साखळी कुठेच तुटेनाशी झाली. हेच सामाईक ज्ञान. तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी 1969 मध्ये ते मांडलं, गणितज्ञ रॉबर्ट ऑमन यांनी 1976 मध्ये त्याला गणिती रूप दिलं. डावपेचांच्या खेळात प्रतिस्पर्धी शहाणा आहे एवढं कळून भागत नाही. मी शहाणी आहे हे त्याला ठाऊक आहे का, यावरही माझी चाल ठरते.

अर्थशास्त्रज्ञ एरियल रुबिनस्टाइन यांचं 1989 चं उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करतं. परिस्थिती अनुकूल असताना दोघांनी मिळून धाडस केलं तर फायदा, एकट्यानेच केलं तर मोठं नुकसान. ती अनुकूल आहे हे आधी एकालाच कळतं. त्याच्याकडून दुसऱ्याला तसा निरोप जातो, पोचपावती येते, पोचपावतीची पोचपावती जाते; दर वेळी काहीतरी हरवण्याची शक्यता अगदी थोडी. तरी काटेकोर तर्क सांगतो, पावत्या कितीही होवोत, धाडस करू नका. खरी माणसं दोन-तीन पावत्यांवर कामाला लागतात, आणि माझ्या मते ती चुकत नाहीत. मग तर्कशास्त्राने किती पायऱ्यांवर थांबावं, हाच माझा आजचा प्रश्न आहे.

सध्याच्या आठवीला एक विनंती: हे कोडं पाच-सहा जणांवर करून पाहा आणि कितव्या फेरीला गडबड होते ते टिपून ठेवा.