रंगपंचमीच्या दिवशी आलेले निरोप

रंगपंचमीला इंदूर बंद असतं, हे बाहेरच्या क्लायंटला पटवून देणं फार अवघड. धुळवडीला बाकीचा देश रंग खेळून आंघोळ करून मोकळा होतो, आणि आमच्याकडे खरा रंग त्यानंतर चार-पाच दिवसांनी. टोरी कॉर्नरहून आणि आजूबाजूहून गेरी, म्हणजे रंगाच्या मिरवणुका, निघतात, राजवाड्यासमोर माणसावर माणूस असतो, टँकरमधून रंगीत पाणी आणि यंत्रांतून गुलाल पार चौथ्या मजल्यापर्यंत उडतो. शाळांना सुट्टी. मला काम देणाऱ्या एजन्सीच्या कॅलेंडरवर मात्र तो कामाचा दिवस असतो आणि सकाळी नऊलाच “मॅम, आज लाइव्ह जायचंय” असा निरोप येऊन पडलेला असतो.

मी घरून लँडिंग पेज बनवते. मोबाइलवर जाहिरातीवर बोट ठेवलं की एकच लांबलचक पान उघडतं, त्याला ना मेनू ना दुसरीकडे जायची वाट, आणि कितीही खाली गेलात तरी पिवळं बटण पाठ सोडत नाही, ते पान. मुलगा दुसरीत आहे. तो शाळेत असताना आणि तो झोपल्यावर, लोकमान्य नगरातल्या घराच्या मागच्या खोलीत माझं ऑफिस चालतं. सासूबाई घरात असतात म्हणून चालतं, हेही सांगते. ‘घरबसल्या कमावणारी आई’ या जातीच्या जाहिरातींत मांडीवर बाळ असतं, मांडीवरच लॅपटॉप असतो, आणि सासूबाई कुठेच नसतात.

सकाळच्या निरोपातलं पान नेमकं त्याच जातीचं होतं. आयांसाठी डिजिटल मार्केटिंगचा कोर्स. मथळा होता ‘बाळ झोपतं तेवढ्या वेळात कमवा’. ९९ रुपयांत दोन तासांचा वेबिनार, शेवटच्या अर्ध्या तासात खरा कोर्स पुढे येणार: ७४,९९९ खोडून २४,९९९. या धंद्यात ९९ रुपयांना कुणी कमाई समजत नाही. त्यातून जाहिरातीचा थोडा खर्च निघतो. त्याचा मुख्य उपयोग गाळणीचा. जिने अनोळखी पानावर एकदा यूपीआय पिन टाकला, ती दुसऱ्यांदाही टाकण्याची शक्यता जास्त, म्हणून पुढचे फोन तिलाच करायचे.

ढाचा मी आधीच बांधून दिला होता. सकाळच्या निरोपात उरलेली यादी होती. पंधरा मिनिटांचा उलटा टायमर. ‘फक्त ७ जागा शिल्लक’ अशी पट्टी, जी थोड्या थोड्या वेळाने घटत २ वर येऊन थांबेल. कोपऱ्यात उगवणारा चौकोन, ‘पूजा, नाशिक यांनी ३ मिनिटांपूर्वी नाव नोंदवलं’ वगैरे. त्यासाठी नावांची एक यादी, गावांची एक, दोन्हींतून यंत्र वाटेल तशी जोडी लावणार. आणि कमाईचे स्क्रीनशॉट. त्यांच्याबद्दल एवढंच सांगते की कुठल्याही ब्राउझरमध्ये पानावरचा आकडा आपल्या स्क्रीनपुरता बदलता येतो आणि त्याला मिनिटभरसुद्धा लागत नाही. मी एकदा सासूबाईंना त्यांचंच बँक खातं उघडून त्यात साडेचार कोटी दाखवले होते. त्या म्हणाल्या, “बंद कर, कोणी बघेल.”

टायमर कशापर्यंतचा, असं मी विचारलं. बॅच कधी भरते?

“बॅच रोजच असते, मॅम. टायमर प्रत्येकीचा वेगळा. ती पान उघडेल तेव्हा पंधरा मिनिटं सुरू.”

एवढं बोलणं झालं आणि मुलगा पिचकारी घेऊन दारात उभा राहिला. सासरे त्याला राजवाड्याजवळ एका नातेवाइकांच्या गच्चीवरून गेर दाखवायला नेणार होते. जुना सदरा शोधणं, डोक्याला तेल, कानात कापूस, “तोंड उघडं ठेवून वर बघू नकोस” हे सगळं उरकून परत येऊन बसले, तर फोनवर अनोळखी नंबरांचे निरोप ओळीने.

“ताई ९९ भरले की अजून काही भरावं लागेल का”

“माझी मुलगी ८ महिन्यांची आहे, लॅपटॉप नाही, मोबाइलवर होईल का”

“घरी न सांगता करता येईल का?”

एजन्सीने आदल्या रात्रीच जाहिराती सोडल्या होत्या. चाचणीच्या पानावर. मला न विचारता. आणि चाचणीच्या पानावरच्या ‘आमच्याशी बोला’ या बटणामागे चाचणीपुरता माझाच व्हॉट्सअ‍ॅप नंबर होता, कारण बटण चालतंय का हे बघायला कुणाचा तरी नंबर लागतोच.

फोन केला तर एजन्सीतल्या मुलाचं अगदी मोकळं उत्तर. “थोडं ट्रॅफिक टेस्ट करत होतो. तुम्ही नंबर बदला ना पटकन. सेल्सचा शीटमध्ये आहे.”

बदलायला दोन मिनिटं लागली असती. फॉर्म ज्या शीटला जोडायचा, ती शीट मी उघडली, कारण सेल्सचा नंबर त्यातच आहे असं तो म्हणाला होता. तिथे जुन्या बॅचचं पानही होतं. फॉर्ममध्ये एक रकाना मीच बांधला होता: ‘तुमची सध्याची सर्वात मोठी अडचण कोणती?’ मला वाटलं होतं वेबिनारमध्ये उत्तरं द्यायला असेल. जुन्या पानावर त्या उत्तरांशेजारी फोन करणाऱ्यांचे शेरे होते. या लोकांना क्लोजर, म्हणजे सौदा पक्का करणारे, म्हणतात. एका बाईने लिहिलं होतं की मुलाच्या शाळेची फी थकली आहे. शेजारी शेरा, ‘फीचा मुद्दा धरा, ईएमआय सांगा’. दुसरीने लिहिलं होतं की सासरी किंमत नाही; शेरा, ‘इमोशनल, आजच क्लोज’. आणखी एक: ‘नवरा बाहेरगावी, स्वतः निर्णय घेते. उद्यापर्यंत थांबू नका.’

खोटेपणा म्हटलं की आपण टायमरकडे बोट दाखवतो. या शीटमधलं एकही अक्षर खोटं नव्हतं. बायकांनी रात्री मूल झोपल्यावर खरं खरं लिहून दिलं होतं आणि तेच त्यांना दुसऱ्या दिवशी फोनवर ऐकवलं जाणार होतं.

ईएमआयचं मला आधीपासून माहीत होतं. ‘नो कॉस्ट’ म्हणतात, पण ते कर्ज असतं, कर्ज देणारी कंपनी तिसरीच, आणि ते त्या बाईच्या पॅनवर चढतं. कोर्स आवडला नाही म्हणून सोडला तरी हप्ता आपोआप सुटत नाही. आणि कोर्समध्ये शिकवतात काय? ब्रीफमध्ये, म्हणजे कामाच्या टिपणात, धड्यांची यादी होती. शेवटचा धडा: ‘हाच कोर्स विकून पहिली कमाई’, अर्धं कमिशन. नवी माणसं आणून पैसे मिळवण्याच्या योजनांवर १९७८ पासून बंदीचा कायदा आहे, २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांतही अशा साखळीला, म्हणजे पिरॅमिडला, मनाई आहे. ‘आम्ही माल विकतो, कोर्स हा माल आहे’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. ते कोर्टात टिकेल की नाही हे वकील सांगोत. मला एवढंच दिसत होतं की शेवटच्या बाईला तो विकायला कोणी उरणार नाही.

शीटमधल्या नंबरांवर मी एकही फोन केला नाही. ते नंबर माझ्यासाठी दिलेले नव्हते. पण ज्यांनी माझ्या फोनवर विचारलं होतं, त्यांना उत्तर देणं भाग होतं, आणि सेल्सचा नंबर लावण्याआधी मी ते दिलं.

पहिलीला लिहिलं: हो, आणखी २४,९९९. ते वेबिनारच्या शेवटी सांगतात.

आठ महिन्यांच्या मुलीच्या आईला लिहिलं की मोबाइलवर व्हिडिओ बघता येतील, काम करता येणार नाही. शिकायचंच असेल तर गूगलचं स्किलशॉप आहे, सरकारचं स्वयम् आहे, शिकायला पैसे पडत नाहीत, बरंचसं इंग्रजीत आहे. शिकून लगेच काम मिळतं असंही नाही. पहिले काही महिने मी ओळखीतल्या मिठाईवाल्याचं पान मिठाईच्या बदल्यात केलं होतं, तेही लिहिलं. तिने विचारलं, मिठाई कोणती? मावाबाटी, मी म्हटलं. तेवढ्यात ती उठली असावी, मुलगी रडत होती बहुतेक. तासाभराने अंगठा आला.

‘घरी न सांगता’वालीला काय लिहावं ते सुचेना. शेवटी कर्ज तुमच्या नावावर चढेल आणि हप्ता खात्यातून जाईल तेव्हा घरी कळेलच, एवढंच लिहिलं.

आणखी एकीने विचारलं, ‘आज शेवटचा दिवस’ हे खरं आहे का. तिला मेटाच्या, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीच्या, अ‍ॅड लायब्ररीची लिंक पाठवली. कुठल्याही पेजचं नाव टाकलं की त्यांच्या चालू जाहिराती कधीपासून सुरू आहेत ते तारखेसकट दिसतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. कोर्सच्या मूळ पेजवर ‘फक्त आज’वाली जाहिरात दिवाळीच्या आधीपासून चालू होती. तिने हसण्याच्या चेहऱ्यांची रांग पाठवली.

सगळ्यांना हे आवडलं असं मात्र नाही. एक बाई भडकली. “तुम्ही कंपनीच्या की विरोधी पार्टीच्या? तुमचं बस्तान बसलं म्हणून दुसऱ्यांचं होऊ द्यायचं नाही का?” मी म्हटलं, पान मीच बनवलंय. त्यावर ती म्हणाली, “मग तर तुम्हाला नक्कीच कमिशन कमी मिळालं असणार.” ही बाई विक्रीत पुढे जाईल असं मला प्रामाणिकपणे वाटलं.

दुपारी मुलगा परतला तो ओळखू येत नव्हता. दात तेवढे पांढरे. सासूबाईंनी त्याला मोरीतच उभा केला आणि भजी तळायला घेतली. मी एका हाताने भजी खात पान पुरं केलं. टायमर ठेवला, पण वेबिनारच्या खऱ्या वेळेपर्यंतचा. जागांची पट्टी काढली, कारण ऑनलाइन वेबिनारला अशा मोजक्या जागा नसतात. चौकोन खऱ्या नोंदणीला जोडला, नावाशिवाय. बटणाच्या वर २४,९९९ लिहिले, ९९ च्याच आकाराच्या अक्षरात. स्क्रीनशॉटची जागा रिकामी सोडली आणि शेजारी लिहिलं, ‘मूळ बँक स्टेटमेंट मिळाल्यावर’.

संध्याकाळी एजन्सीतल्या त्या मुलाचा फोन आला. तो वाईट नव्हता, पंचविशीतला, टार्गेटखाली दबलेला. “मॅम, हे असं पान चालणारच नाही.”

मी त्याला ३० नोव्हेंबर २०२३ ची डार्क पॅटर्नची, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीबद्दलची, मार्गदर्शक तत्त्वं पाठवली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची, तेरा प्रकारांची यादी. पहिलाच प्रकार खोटी घाई. उदाहरणसुद्धा दिलंय: ‘फक्त २ खोल्या शिल्लक, आत्ता ३० जण बघताहेत.’ ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत.

“ते मोठ्या शॉपिंग साइट्ससाठी असतं.”

“जाहिरातदार आणि विक्रेतेही आहेत त्यात. वाचून बघ.”

थोडा वेळ फक्त टायपिंगचा आवाज. मग, “सगळे करतात, मॅम. तुम्ही नाही केलं तर दुसरं कोणी करेल.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. आठवडाभरात ते पान टायमर, पट्टी आणि पूजा, नाशिक यांच्यासकट चालू झालेलं मी पाहिलं. आगाऊ मिळालेले अर्धे पैसे माझ्याकडे राहिले, उरलेले आले नाहीत. उन्हाळी शिबिराची फी त्यातून जायची होती. मुलाला शिबिराऐवजी आजोबांनी पोहायला नेलं. तक्रार मी केली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडेही अर्ज देता येतो. मी प्राधिकरणाला दोन्ही पानांच्या प्रती पाठवल्या. शीटमधलं एकही नाव त्यात घातलं नाही. पोच आली आहे.

जूनमध्ये एजन्सीतल्या त्याच मुलाचा निरोप आला. नोकरी बदलली होती, आता मुलांच्या अबॅकस क्लासचं काम होतं. “या वेळी एकदम जेन्युइन आहे, मॅम. पैसे पूर्ण आगाऊ.”

मी विचारलं, टायमर आहे का.

“आहे. पण अगदी छोटा.”