आमची वाटचाल : पुठ्ठ्याचे बॉक्स आणि ‘मुद्दाम’ या शब्दाचा अर्थ

2004 ला कुपवाड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये सुरुवात केली. एक सेकंडहँड कोरोगेशन मशीन, म्हणजे कागदाला नाळ्या पाडणारं, एक बॉक्सला पिना मारायचं स्टिचिंगचं, चार कामगार, पार्टनर म्हणून माझा मेहुणा आणि मी. सांगली-तासगावकडं बेदाण्याचा सिझन लागला की प्रत्येकाला बॉक्स आजच्या आज पाहिजे असतात, त्या तीन-चार महिन्यांवर आमचं वर्षाचं गणित बसतं. मशिनं किती घेतली, शेड कधी बांधली ते सांगेनच कधीतरी, पण आज मला धंद्यातल्या कायद्याबद्दल लिहायचंय, कारण या वीस वर्षांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यानं, आणि ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर एका माणसावर माझ्याकडून अन्याय झाला नसता.

तो प्रसंग आधी सांगतो. 2009 ची दिवाळी, बोनसचे पैसे ड्रॉवरमध्ये ठेवले होते, दुपारी बघतो तर 18 हजार कमी. त्या दिवशी ऑफिसात स्टिचिंगवाला पोरगा येऊन गेला होता, एवढ्यावरच माझं डोकं फिरलं. त्याला स्टोअररूममध्ये बसवलं, बाहेरनं कडी लावली आणि खरं बोलल्याशिवाय बाहेर सोडणार नाही म्हणून सांगितलं. अडीच तास. संध्याकाळी ही बँकेतनं आली आणि म्हणाली, अहो ते पैसे मी सकाळीच कागदाच्या सप्लायरला दिलेत, तुम्ही फोनवर होता म्हणून सांगायचं राहिलं. मी कडी काढली, तो काही न बोलता डबा घेऊन निघून गेला, दुसऱ्या दिवशी आला नाही.

दोन दिवसांनी त्याचे चुलते आले, पोलिसात जातो म्हणाले. मी घाबरून वकीलकाकांकडं गेलो, वडिलांचे मित्र, त्यामुळं ते मला स्पष्टच बोलतात. मी म्हणलं, काका, मला त्याला मुद्दाम त्रास द्यायचा नव्हता, मला खरंच वाटलं त्यानंच घेतलेत. काकांनी एवढंच विचारलं, “कडी चुकून लागली का तू लावलीस?”

मला उत्तर देता आलं नाही.

मग त्यांनी समजावलं ते असं. एकानं दुसऱ्याचं केलेलं नुकसान, ज्याची भरपाई दिवाणी कोर्टात मागता येते, त्याला टॉर्ट म्हणतात, मराठीत अपकृत्य. आपल्याकडं याचा एक असा स्वतंत्र कायदा नाही, इंग्रजांच्या कोर्टापासून चालत आलेल्या निकालांवर ते उभं आहे. करार मोडला तर तुम्ही स्वतः दिलेला शब्द मोडता, अपकृत्यात मात्र कुणाला शब्द दिलेला नसला तरी प्रत्येकाशी काही गोष्टी न करण्याचं बंधन असतंच, मारायचं नाही, कोंडायचं नाही, दुसऱ्याची वस्तू दाबून ठेवायची नाही. यातली काही निष्काळजीपणानं होतात आणि काही हेतुपुरस्सर. लोक फसतात ते इथंच, माझ्यासारखे. हेतुपुरस्सर म्हणजे मनात वाईट होतं असं नाही. जे केलं ते करायचंच म्हणून केलं, एवढं पुरतं. मला तो चोर वाटला हे माझ्या मनातलं झालं, पण त्याचा बाहेर जायचा रस्ता मी जाणूनबुजून बंद केला. कुलूपच लागतं असंही नाही, दारात उभं राहून जाऊ दिलं नाही तरी तेच. आणि हा नुसता भरपाईचा विषय नाही, तेव्हाच्या दंड संहितेत कलम 342 खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद होती.

त्याच रात्री मी आणि ही त्याच्या घरी गेलो. पगार, बोनस दिला आणि त्याच्या आईसमोर माफी मागितली, दुसऱ्या दिवशी सगळ्या कामगारांसमोर परत सांगितलं की पैसे चोरीला गेलेच नव्हते, चूक माझी होती. त्यानं तक्रार केली नाही पण कामावरही आला नाही, आणि ते बरोबरच होतं.

2013 ला उलटं झालं. मेहुणा वेगळा झाला, भांडण काही नव्हतं, पण बाजारात कुणीतरी उठवलं की यांची कंपनी बंद झाली, माल बुडवणार. दोन बेदाणा शेडवाल्यांनी ऑर्डर दुसरीकडं दिली आणि ज्या पेपर मिलकडनं महिन्याच्या उधारीवर कागदाचे रीळ यायचे तिनं आधी पैसे मागितले. हे बोलणारा आमच्याच लाईनचा होता, नाव लिहीत नाही. काका म्हणाले याच्यासारखी केस इंग्लंडमधली 1892 ची आहे, रॅटक्लिफ विरुद्ध इव्हान्स, एका बॉयलर बनवणाऱ्याची कंपनी आता राहिलीच नाही असं तिकडच्या साप्ताहिकात छापून आलं होतं आणि त्याचा धंदा घटला. कोर्ट म्हणालं की कुठलं गिऱ्हाईक गेलं हे एकेक दाखवता आलं नाही तरी एकूण धंदा पडला हे दाखवलं तर चालतं, 120 पौंड भरपाई मिळाली. मात्र इथं नुसतं खोटं असून भागत नाही, खोटं आहे हे माहीत असताना किंवा नुकसान व्हावं म्हणून बोललं हे दाखवावं लागतं, म्हणजे ‘मुद्दाम’ प्रत्येक ठिकाणी एकाच वजनाचा नसतो. आम्ही मिलचं पत्र, गेलेल्या ऑर्डरी, मागच्या तीन सिझनची बिलं, सगळं फाईलला लावून नोटीस दिली. एक महिन्यात त्यानं लेखी दिलं की माझी माहिती चुकीची होती, ते पत्र मी स्वतः मिलमध्ये नेऊन दाखवलं. उगाच वाट बघत बसलो असतो तर अवघड झालं असतं, कारण बदनामीच्या दाव्याला मुदत एक वर्षच असते, साध्या उधारीसारखी तीन वर्षं नाही.

जाताजाता एक, ती आमची पार्टनरशिप आम्ही रजिस्टर केलेलीच नव्हती. 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 69 असं आहे की रजिस्टर नसलेल्या फर्मला बाहेरच्यावर कराराच्या वसुलीचा दावा लावता येत नाही. इतकी वर्षं आम्ही उधारी देत होतो आणि आमच्या हातात काहीच नव्हतं. नवीन फर्म करणाऱ्यांनी हे आधी करा, मशीन नंतर घ्या.

आणि 2022 ला परत मीच चुकणार होतो. एका गिऱ्हाईकाचे 2 लाख 40 हजार आठ महिने अडकले, आणि त्याचे छपाईचे स्टिरिओ, म्हणजे बॉक्सवर नाव छापायचे ठसे, आमच्या रॅकवर होते, त्याच्या पैशानं बनवलेले. तो दुसऱ्याकडं जायला निघाला, स्टिरिओ मागितले, मी म्हणलं आधी पैसे. मला वाटत होतं हा माझा हक्कच आहे. काकांनी 1872 चा करार कायदा काढला, कलम 170, ज्या वस्तूवर तुम्ही कसब लावून काम केलं तीच वस्तू तेवढ्या मजुरीसाठी अडवता येते. टेलर शिवलेला ड्रेस अडवू शकतो. मी काम केलं पुठ्ठ्यावर, स्टिरिओवर नाही. आणि कुठल्याही बाकीसाठी हाताशी असलेली कुठलीही वस्तू अडवायचा हक्क कलम 171 नं बँकेसारख्या थोड्याच लोकांना दिलाय, आम्हाला तो वेगळा करार असेल तरच. तसा करार आमच्यात नव्हता. वर त्यांनी हॉलिन्स विरुद्ध फाउलर सांगितली, 1875 ची, कापसाच्या 13 गाठी एका दलालानं प्रामाणिकपणे घेऊन पुढं विकल्या, आधीच्यानं त्या फसवून आणल्यात हे त्याला माहीतसुद्धा नव्हतं, तरी मूळ मालकाला भरपाई त्यालाच द्यावी लागली. मला ती ऐकताना ती कडी आठवली.

स्टिरिओ त्याच दिवशी पोच घेऊन परत केले. आणि वसुली सरळ रस्त्यानं केली, आमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, होतं, 2006 च्या एमएसएमई म्हणजे लघुउद्योग कायद्यात लेखी ठरलं असलं तरी 45 दिवसांच्या वर पेमेंट लांबवता येत नाही, नंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. हे व्याज मांडून सरकारच्या समाधान पोर्टलवर, जिथं अडकलेल्या पेमेंटची तक्रार करायची, अर्ज केला आणि प्रत त्याला पाठवली, तीन हप्त्यात मुद्दल आलं, व्याज मी सोडलं.

आता ऑर्डर तोंडी आली तरी रेट, प्लाय (पुठ्ठ्याचे थर), जीएसएम (कागदाची जाडी-वजन) आणि पेमेंटची तारीख व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतो आणि समोरच्याचं ‘ओके’ आल्याशिवाय रीळ लावत नाही, तोंडी करारही करारच असतो पण दाखवायला काहीतरी लागतं. स्टिरिओच्या रॅकवर प्रत्येक कप्प्याला मालकाचं नाव आहे आणि रजिस्टरमध्ये आल्या-गेल्याची सही. स्टोअररूमची बाहेरची कडी मी 2009 लाच काढून टाकली, लाकडात स्क्रूची चार भोकं अजून दिसतात, सुतार बुजवतो म्हणाला होता, मी नको म्हणलं.