साक्ष देताना जीभ का अडखळते?

आपल्या ख्रिस्ती विश्वासाबद्दल दुसऱ्याशी बोलायचं, म्हणजेच साक्ष द्यायची म्हटलं की घसा कोरडा पडतो, कारण मनात एक गैरसमज असतो: सगळ्या प्रश्नांची उत्तरं आपल्याला आलीच पाहिजेत. योहानाच्या शुभवर्तमानात, 9व्या अध्यायात, येशूने बरं केलेल्या आंधळ्याला परूश्यांच्या (यहुदी धर्मपुढाऱ्यांच्या) ‘येशू पापी आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नव्हतं. तो एवढंच म्हणाला, मी आंधळा होतो, आता मला दिसतं. साक्षीदाराचं काम तेवढंच. मन पालटणं हे पवित्र आत्म्याचं काम.

तयारी मात्र हवी. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल अग्रिप्पा राजापुढे बोलतो, त्याची मांडणी बघा: आधीचं आयुष्य, येशूची भेट, नंतरचा बदल. याच क्रमाने आपली साक्ष लिहून काढा, तीन मिनिटांत संपेल एवढी. मग मोठ्याने वाचा. ‘तारण’, ‘अभिषेक’ असे शब्द आले की थांबा. चर्चमध्ये कधीच न गेलेल्याला ते कळत नाहीत. ‘माझं तारण झालं’ऐवजी ‘केलेल्या चुकांचं ओझं रोज वाहत होतो, ते येशूने उतरवलं’ असं म्हणा.

बिघडतं ते घाईने. ज्यांना साक्ष द्यायची आहे अशी दोन-तीन नावं निवडा, त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करा, आधी त्यांचं ऐका. कुणी दुःखात असेल तर “तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?” एवढंच विचारा. नको म्हणाले तरी मैत्री तशीच ठेवा. आपल्या आशेचं कारण सांगायला तयार राहा, असं येशूचा शिष्य पेत्र लिहितो (1 पेत्र 3:15), पण तिथेच तो सौम्यता आणि आदरही मागतो. हा भाग फार जण गाळतात. प्रश्न अडला, तर “माहीत नाही, बघून सांगतो” म्हणा आणि आठवडाभरात खरंच सांगा.