गाडीवरून न उतरणारी गस्त

आमच्या गेटशेजारच्या डीपीवर पोलिसांनी गस्तीची नोंद व्हावी म्हणून एक क्यूआर कोड चिकटवलाय. माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून तो बरोब्बर दिसतो. बीट मार्शलची, म्हणजे गस्तीवरच्या पोलिसांची मोटरसायकल येते, मागे बसलेला हात लांब करून मोबाइल धरतो, टुंग वाजतं, गाडी पुढे. इंजिन बंद होत नाही, पाय जमिनीला लागत नाही. एकदा पोळी तव्यावर टाकून मोजलं, अकरा सेकंद. पोळी उलटायचीही होती अजून.

हा कोड लागला आमच्या सासूबाईंमुळे. गेल्या मार्गशीर्षात सकाळी साडेसहाला त्या दूध घेऊन येत होत्या. अजून अंधारच होता. दोन पोरं गाडीवरून आली, पत्ता विचारला आणि दीड तोळ्याचं मंगळसूत्र ओढून नेलं. एक वाटी रस्त्यातच पडली होती, ती तेवढी सापडली. मानेवरचा वळ आठवडाभर होता. पण आईंचा राग वेगळाच. "मी त्याला डावीकडे वळ म्हणून नीट सांगत होते, आणि मेला डावीकडेच पळाला!"

११२ ला फोन केला, पोलीस लवकर आले, एफआयआरही विनाकटकट झाली. १ जुलै २०२४ पासून हिसकावून नेण्याला भारतीय न्याय संहितेत ३०४ हे स्वतंत्र कलम आहे, हे मला तेव्हा कळलं. मंगळसूत्र अजून मिळालेलं नाही.

मग सोसायटीची मीटिंग. सगळे एका सुरात, "गस्त वाढवा." मी सेक्रेटरी, म्हणून निवेदन मीच लिहिलं. गस्त वाढली. दिवसातून तीनदा टुंग.

अमेरिकेत कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये हे करून पाहिलेलं आहे. पंधरा बीट, म्हणजे गस्तीचे भाग, घेतले. पाचांत गस्त नेहमीसारखी, पाचांत दुप्पट-तिप्पट, आणि पाचांत बंद; बोलावलं तरच गाडी जायची. गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. रहिवाशांना तर गस्त वाढली काय नि थांबली काय, पत्ताच नव्हता. पुढे मिनिआपोलिसमधल्या नोंदींवरून दिसलं की नेमक्या बदनाम कोपऱ्यांवर पोलीस दहा-पंधरा मिनिटं थांबले तर ते गेल्यावरही काही वेळ तिथे शांतता राहते.

आमच्याकडे असा थांबणारा एकच आला. पन्नाशीचे हवालदार, गुडघ्याला पट्टा. त्यांनी गाडी स्टँडला लावली, हे पाहूनच आई खाली गेल्या. "चहा घेणार का?" नको म्हणाले, पाणी घेतलं, आणि गल्लीच्या टोकापर्यंत लंगडत चालत गेले. परत येऊन मला म्हणाले, "ताई, तुमच्या गल्लीला दोन तोंडं आहेत. एक मेन रोडला, एक कालव्याकडे. कालव्याकडच्या खांबावरचा दिवा कधीपासून बंद आहे?" आम्ही चौदा वर्षं इथे राहतो. तो दिवा बंद असल्याचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! आईंनी चोराला डावीकडे वळवलं होतं, ते त्याच अंधारात.

दिव्यासाठी महापालिकेत पाच खेटे घातले. हवालदारसाहेब अधूनमधून येत राहिले. दूधवाला, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटचा वॉचमन, सगळ्यांशी दोन शब्द बोलायचे. वॉचमनच्या मुलाचा दहावीचा निकालसुद्धा त्यांना ठाऊक होता. मग गणपती आले आणि ते बंदोबस्तावर गेले. पुण्यात विसर्जनाची मिरवणूक तीस-तीस तास चालते. तेव्हा माणसं कमी पडतात हे मला समजतं, त्यावर माझी तक्रार नाही. पण गणपतीनंतरही ते दिसले नाहीत. चौकीत विचारलं तर बदली झाली म्हणाले.

परवा मीटिंगमध्ये पुन्हा विषय निघाला, गस्त वाढवा. मी या वेळी निवेदन जरा वेगळं लिहिलं. फेऱ्या तीनाच्या ऐवजी एकच करा, पण गाडी बंद करून दहा मिनिटं पायी फिरा, आणि निदान वर्षभर तोच माणूस पाठवा. खजिनदारांना पटलं नाही, "आपणहून कमी कशाला मागायचं?" शेवटी सात विरुद्ध पाच मतांनी तेच गेलं.

पोच घेतली आहे. शिक्का पुसट उमटलाय, तारीख तेवढी वाचता येते.