काचेतलं हिरवं पाणी

जानेवारीतली पहाट, तीन वाजलेले. बॉयलरच्या कंट्रोल रूममधून फोन आला, "साहेब, ड्रमची लेवल नाचाय लागलीया. लवकर या."

सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. क्वार्टरमधून निघालो तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग यार्डाबाहेर रस्त्यापर्यंत लागलेली होती. ऊसतोडीच्या टोळ्यांतली माणसं शेकोटीला बसली होती. हंगाम ऐन भरात होता.

आमचा बॉयलर ६७ किलो दाबाचा, बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालणारा. ड्रममधली, म्हणजे बॉयलरच्या वरच्या पाणी-वाफेच्या टाकीतली, पाण्याची पातळी मोजायला तीन ट्रान्समीटर आहेत. तिघांपैकी दोघांनी 'पाणी कमी' सांगितलं की बॉयलर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, आणि सिग्नल तुटला तर तोही 'कमी'च धरला जातो. स्क्रीनवर एक नंबर ३८ ते ६१ टक्क्यांत उड्या मारत होता. दोन आणि तीन नंबर ५० ला शांत होते.

एक नंबरच्या वायरीत मल्टिमीटर लावला. १२.०१ मिलिअँपिअर, काटा रोवल्यासारखा. चार मिलिअँपिअर म्हणजे शून्य टक्के, वीस म्हणजे शंभर; हा आकडा बरोबर मधोमध, म्हणजे ५० टक्के. ट्रान्समीटर खरं सांगत होता, बिघाड पीएलसीच्या, म्हणजे बॉयलर चालवणाऱ्या कंट्रोल कॉम्प्युटरच्या, कार्डात होता. आठ चॅनेलचं, म्हणजे आठ सिग्नल घेणारं, ॲनालॉग इनपुट कार्ड, माथ्यावर एसएफचा, म्हणजे बिघाडाचा, लाल दिवा.

ड्रॉइंग उघडलं आणि पोटात गोळा आला. एक नंबर आणि दोन नंबर, दोघंही याच कार्डावर! एक गेला तरी दोन राहावेत म्हणून तीन ट्रान्समीटर बसवायचे, आणि त्यातले दोन एकाच कार्डाला जोडायचे. ज्यानं हे वायरिंग ठरवलं त्यानं फार मोठी चूक केली होती. आणि इतके हंगाम ती माझ्याही नजरेला पडली नव्हती, याची बोच मला आजही आहे. कार्ड पूर्ण गेलं असतं तर दोघं एकदम गेले असते आणि बॉयलर बसला असता.

बॉयलर बसणं म्हणजे काय, ते कारखान्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. वाफ गेली की टर्बाइन थांबतं, मिल थांबते, पॅनमधलं काम अर्धवट राहतं. टाक्यांतला रस नासायला लागतो, यार्डातला ऊस वाळून वजनाला घटतो. पुन्हा दाब धरायला काही तास जातात. ते नुकसान शेवटी गाडीतळावर थांबलेल्या माणसापर्यंतच जातं.

तरी चीफ इंजिनिअर साहेबांना मी पहिल्यांदा 'थांबवून बदलू' असंच म्हणालो. ते म्हणाले, "रनिंगमध्ये निघतं ना हे कार्ड? खात्री कर आणि मला सांग. खात्री नसली तर थांबवू."

रनिंगमध्ये कार्ड निघतं असं कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं, पण त्याला अटी असतात. आमच्या जातीच्या रॅकमध्ये दोन प्रकार येतात. साध्या रॅकमध्ये एका कार्डातून दुसऱ्या कार्डात बस, म्हणजे सिग्नलची सामाईक लाइन, जाते, पाठीमागे इंग्रजी यू अक्षरासारखे छोटे कनेक्टर असतात. त्यातलं एक कार्ड काढलं की साखळी तुटते. दुसऱ्या प्रकारात कार्डं अडकवायच्या रेलवरच बसचे तळ बसवलेले असतात आणि प्रत्येक कार्ड आपापल्या जागेवर स्वतंत्र बसतं. ड्रॉइंगमध्ये दुसरा प्रकार लिहिला होता, पण त्या ड्रॉइंगवरचा माझा विश्वास एव्हाना उडाला होता. गुडघ्यावर बसून टॉर्च लावली, मोबाईलचा कॅमेरा कार्डाखाली धरून फोटो काढला. तळ दिसले. लॅपटॉपवर कॉन्फिगरेशनही तसंच होतं.

सहाला पुण्यातल्या एका प्रोग्रामर मित्राला उठवलं. त्याचा पहिला प्रश्न, "ओबी कुठले कुठले आहेत?" ओबी म्हणजे ठरावीक घटना घडली की पीएलसी चालवतो तो प्रोग्रामचा ब्लॉक. कार्ड काढलं-घातलं की पीएलसी ओबी ८३ शोधतो. नसलेल्या कार्डाचं रीडिंग प्रोग्रामनं थेट मागितलं तर ओबी १२२ शोधतो. हा ब्लॉक रिकामा असला तरी चालतो, पण तो असावा लागतो, नाहीतर अख्खा सीपीयू स्टॉपला जातो. ऑनलाइन पाहिलं. ८३ होता, १२२ नव्हता. मी तसंच कार्ड ओढलं असतं तर एका लेवलचा प्रश्न राहिला नसता, सगळाच बॉयलर आंधळा झाला असता. मित्र फोनवर असताना रिकामा १२२ चालू सीपीयूत उतरवला. तो उतरेपर्यंतचे काही सेकंद मी श्वास घेतल्याचं आठवत नाही.

आठला शिफ्ट बदलली. रात्रपाळीच्या थकलेल्या माणसांवर हे काम नको, असं साहेबांनी ठरवलं होतं. त्यांनी आणि बॉयलर इन्चार्जनी ट्रिप बायपासच्या कागदावर सह्या केल्या. फीडवॉटर वाल्व्ह मॅन्युअलवर घेतला. त्याचं आउटपुट वेगळ्या कार्डावर होतं, म्हणून तो जागेवर राहणार होता. भट्टीचा ड्राफ्टही, म्हणजे आतल्या हवेची ओढही, याच कार्डावर असल्यानं धूर ओढणारा आयडी फॅन मॅन्युअलवर. पॅनेलवर फक्त तीन नंबरची लेवल उरणार होती.

बायपास केला म्हणजे बॉयलरचं रक्षण करणारं लॉजिक आपण बाजूला काढलं. त्याच्या जागी माणूस हवा. आमचे जुने बॉयलर अटेंडंट, सगळे त्यांना तात्या म्हणतात, वॉकीटॉकी घेऊन ड्रमच्या मजल्यावर गेले. तिथं गेज ग्लास आहे, ड्रममधलं पाणी डोळ्यांनी दिसणारी काच. वाफ लाल दिसते आणि पाणी हिरवं. तात्यांनी जाताना हातात फडकं घेतलं होतं.

"तात्या, हिरवं काचेच्या खालच्या टोकाकडं गेलं की लगेच सांगा, थांबू नका."

"बगॅसचा जाळ बटण दाबून इझत न्हाई साहेब. मी आधीच सांगीन."

खरं होतं ते. फीडर बंद केले तरी ग्रेटवरचं बगॅस जळत राहतं, ट्यूबा तापत राहतात.

नव्या कार्डाची तयारी आधीच झाली होती. या कार्डाच्या डाव्या बाजूला चार छोटे ठोकळे असतात, नखाएवढे, त्यांवर ए, बी, सी, डी अक्षरं. एक ठोकळा दोन चॅनेलसाठी. येताना कार्ड बी वर असतं, म्हणजे व्होल्टेजवर. आमचे ट्रान्समीटर दोन वायरचे, म्हणून स्क्रूड्रायव्हरनं चारही ठोकळे उचलून डी वर फिरवले होते.

मनगटाला अर्थचा पट्टा बांधला. फ्रंट कनेक्टर वायरींसकट सोडवून बाजूला धरला, स्क्रू ढिला केला आणि कार्ड खालून वर उचलून बाहेर काढलं. अलार्मचा पाऊस पडला, पण सीपीयूचा हिरवा दिवा तसाच राहिला.

"हिरवं मध्यावर हाय," वॉकीटॉकीत तात्या.

जुनं कार्ड उलटं करून पाहिलं. तीन ठोकळे डी वर होते, चौथा सी वर. सी म्हणजे चार वायरचं उपकरण, स्वतःचा करंट स्वतः देणारं. शेवटच्या चॅनेलवर चिमणीकडचा ऑक्सिजन ॲनलायझर होता, त्याला वेगळा सप्लाय होता, आणि माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. डी वर कार्ड आपणही करंट पुरवतं. म्हणजे दोन्हीकडून पुरवठा आमनेसामने आला असता. हात थरथरत होते. सहायकानं टॉर्च जवळ धरली, मी ठोकळा उचलला, फिरवला, दाबला. पुन्हा एकदा अक्षर वाचलं. सहायकानंही मोठ्यानं वाचलं, "सी."

"मध्यावर हाय. जरा खाली आलंय. बोटभर."

ऑपरेटरनं वाल्व्ह दोन टक्के उघडला.

नवं कार्ड अडकवलं, खाली दाबलं, स्क्रू आवळला, फ्रंट कनेक्टर बसवला. एसएफ लाल झाला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. पीएलसी नव्या कार्डात सेटिंग भरत होता. मग दिवा विझला. स्क्रीनवर एक नंबर ४८, दोन नंबर ४८, तीन नंबर ४८. सगळं मिळून सहा-सात मिनिटं झाली होती.

"तात्या, काय दिसतंय?"

"मध्याच्या जरा खाली. वर यायलंय."

तिन्ही आकडे काचेशी जुळले तेव्हा बायपास काढला आणि कागदावर वेळ टाकून साहेबांची सही घेतली. तात्या जिन्यानं खाली आले, गंजीफ्रॉक घामानं भिजलेला. वर प्रचंड गरम असतं. मी पाण्याची बाटली पुढे केली, त्यांनी अर्धी डोक्यावर ओतली.

हंगाम संपल्यावर पहिलं काम काढलं ते त्या वायरिंगचं. आता तीन ट्रान्समीटर तीन वेगवेगळ्या कार्डांवर आहेत. पॅनेलच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे: कुठल्या कार्डाचा कुठला ठोकळा कुठल्या अक्षरावर, कार्ड काढताना कुठले लूप मॅन्युअलवर घ्यायचे, कुणाच्या सह्या लागतात. तो लिहिताना तात्या शेजारी उभे होते. म्हणाले, "शेवटी आणि एक घाला साहेब." मी घातलं. कागदाची शेवटची ओळ आहे, 'आधी गेज ग्लास पुसून घेणे.'